आग विझल्यानंतरचे दोन दिवस

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथल्या कारखान्यांच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये होणारा अपघात बहुधा छोटा असतो. हॉटप्लेटवरचं ॲसिटोन पेटतं, किंवा ओव्हनमागची वायर तापून वितळते. कुणीतरी भिंतीवरचा सहा किलोचा एबीसी पावडरचा लाल सिलिंडर काढतं, पिन उपसतं, आणि आग काही सेकंदांत संपते. माणसं सुखरूप असतात. जळालेलं असतं एक टेबल आणि दोन-चार वायरी. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच खोलीतल्या बाकीच्या यंत्रांचं नुकसान तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

ज्वाळा ज्या यंत्रांपर्यंत पोचल्याच नाहीत, अशीच यंत्रं अशा अपघातात जास्त संख्येनं निकामी होतात. त्यांना मारतात दोन गोष्टी: जळलेल्या प्लास्टिकचा धूर आणि आग विझवणारी पावडर. दोन्ही बारीक असतात, पंख्याच्या जाळीतून आत शिरतात आणि सर्किटच्या कार्डांवर, आरशांवर, वजनकाट्याच्या गाभ्यात जाऊन बसतात. आणि दोन्हींना कामाला लागायला फक्त ओलावा लागतो.

धुराचं आधी. वायरीचं आवरण पीव्हीसीचं असतं. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. पीव्हीसी जळताना हे क्लोरीन हायड्रोजन क्लोराईड वायू होऊन बाहेर पडतं, काजळीच्या कणांवर बसतं आणि हवेतलं पाणी मिळालं की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या कॅबिनेटवरच्या जस्ताशी त्याची गाठ पडली की झिंक क्लोराईड तयार होतं. हे मीठ हवेतलं पाणी इतक्या अधाशीपणे ओढतं की बऱ्यापैकी कोरड्या खोलीतही पत्रा ओलसर राहतो. पावडरचं प्रकरण वेगळं आहे. एबीसी पावडरमधलं मुख्य रसायन म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट. कोरडं असताना ते निरुपद्रवी, पण पाण्यात विरघळलं की आम्लधर्मी होतं आणि विजेचं चांगलं वाहक बनतं. तापलेल्या भागावर पडलं तर ते १९० अंशांच्या आसपास वितळून चिकट थर धरतं, आणि तो थर थंड झाल्यावर खरवडून काढण्यात निम्मा दिवस जातो. यंत्रांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हाताशी असावा हा आग्रह त्यासाठीच. तो मागे काहीही ठेवत नाही.

हाच अपघात मार्चमध्ये झाला तर हातात थोडा जास्त वेळ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऐरोली काय, ठाण्याचं वागळे इस्टेट काय, हवेची सापेक्ष आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर सहज असते. त्यात खाडीवरून येणारा खारा वारा वर्षभर कार्डांवर थोडं थोडं क्लोराईड आधीच बसवत असतो. स्वच्छ तांबं ६० टक्क्यांच्या खाली बरंचसं शांत राहतं, क्लोराईड चढलेलं तांबं मात्र त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत कळकायला लागतं. म्हणून खोली ४० टक्क्यांच्या खाली आणणं हे दुरुस्तीतलं पहिलं काम. स्क्रू-ड्रायव्हर नंतर. नेहमीचा स्प्लिट एसी ५०-६० टक्क्यांपर्यंत आणतो, त्याखाली जायचं तर डीह्युमिडिफायर भाड्यानं आणावा लागतो. सेंट्रल एसी असेल तर तो मात्र आधी बंद करायचा, कारण तोच धूर डक्टमधून शेजारच्या खोल्यांत पोचवतो. आणि पहिली घाई टाळायची: वास जावा म्हणून पावसाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या नाहीत. धूर बाहेर काढायला तासभर एक्झॉस्ट पुरे, मग दारं-खिडक्या बंद.

दुसरी घाई ओल्या फडक्याची. खोली पांढरी झालेली बघून कुणीतरी मावशींना बोलावतं आणि त्या नेहमीच्या मायेनं सगळं ओल्या फडक्यानं पुसून घेतात. पुसलेली पावडर विरघळते, फटींत उतरते, आणि वरून लखलखीत दिसणाऱ्या यंत्राच्या आत आम्लाचं पाणी साचतं. पावडर कोरडीच उचलायची: हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, मऊ ब्रश, तोंडाला एन-९५, हातात नायट्राइलचे मोजे. कॉम्प्रेसरचा फवारा नको. त्यातून तेल येतं, पाणी येतं, आणि पावडर जिथे नव्हती तिथेही जाते.

तिसरी घाई सगळ्यात महागात पडते. ‘साहेब, एकदा लावून बघू का? चालतंय का ते तरी कळेल.’ हा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर येतो, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण काजळी आणि पावडरचा ओलसर थर असलेल्या कार्डवर व्होल्टेज दिलं की एका ट्रॅकपासून (कार्डावरच्या तांब्याच्या रेषेपासून) दुसऱ्या ट्रॅकपर्यंत विजेचं रसायन सुरू होतं. तांबं एका ट्रॅकवरून विरघळतं आणि शेजारच्या ट्रॅकवर बारीक फांद्यांसारखं वाढत जातं. फांदी पोचली की शॉर्ट. जे कार्ड धुऊन वाचलं असतं ते मिनिटभरात जातं.

प्लग काढला म्हणजे यंत्रातली वीज गेली, असं समजू नये. मदरबोर्डवर बहुधा सीआर २०३२ जातीचं नाण्याएवढं सेल असतं, ३ व्होल्टचं. ओल्या कार्डवर हे ३ व्होल्ट रात्रभर काम करत राहतात. अशा कार्डाचं भिंग लावून निरीक्षण केलं तर सेलच्या धन बाजूकडून निघणारा ट्रॅक सगळ्यात आधी काळा-हिरवा पडलेला दिसतो. तेव्हा सेल तातडीनं काढायला हवं. पण इथेच एक पेच आहे. जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रात) आणि काट्यांमध्ये कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्राचे आकडे प्रमाणाशी जुळवणारे, स्थिरांक याच सेलवर जगणाऱ्या मेमरीत असतात. सेल काढलं की ते पुसले जातात, आणि ते परत भरायला कंपनीचा सर्व्हिस कोड लागतो. उपाय अपघाताच्या आधीचा आहे: प्रत्येक यंत्राचे सर्व्हिस पॅरामीटर छापून त्याच्या फाइलला लावून ठेवणे. ते केलेलं नसेल आणि कार्ड ओलं असेल, तर माझं मत सेल काढण्याच्या बाजूनं आहे. स्थिरांक पुन्हा मिळतात. खाल्लेलं बहुपदरी कार्ड मिळत नाही.

प्लग आणि सेलनंतर, स्विच मोड पॉवर सप्लायमधला (आजच्या यंत्रांतल्या हलक्या पॉवर सप्लायमधला) मोठा कपॅसिटर हा विजेचा तिसरा साठा. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडायची सवय वाईट. १० वॅटचा, एक-दोन किलोओमचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून काही सेकंद धरायचा, मग मीटरनं शून्य बघायचा.

विमा असेल तर याच वेळी सर्व्हेअरचा प्रश्न उभा राहतो. ‘तो येईपर्यंत कशाला हात लावू नका’ असं ऑफिसमधून सांगितलं जातं आणि यंत्रं तशीच भिजत पडतात. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही विमेदाराचीच जबाबदारी असते. लगेच ईमेलनं कळवावं, प्रत्येक यंत्राचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, सिरियल नंबरची पट्टी फोटोत यावी, काढलेले भाग पिशवीत नाव घालून जपावेत, आणि आर्द्रता उतरवणं, पावडर उचलणं, सेल काढणं ही कामं त्याच दिवशी सुरू करावीत.

आता धुणं. यंत्र उघडण्यापूर्वी त्यात नक्की काय गेलंय हे कळायला हवं, आणि क्यूसी लॅबचं भाग्य असं की ही चाचणी तिच्याच कपाटात असते. डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा कव्हरच्या आतल्या बाजूला तळहाताएवढ्या भागावर फिरवायचा, १० मिली डीआय पाण्यात पिळायचा, त्यात सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालायचे आणि मग सिल्व्हर नायट्रेट. पांढुरकी धूसरता आली आणि टिकली तर क्लोराईड, म्हणजे धूर इथवर पोचलाय. फॉस्फेटचा सिल्व्हरशी होणारा पिवळा साका नायट्रिकमध्ये विरघळतो, त्यामुळे पावडर इथे फसवत नाही. शेजारी कोऱ्या बोळ्याची परीक्षानळी ठेवायची. हाताच्या घामातही क्लोराईड असतं, म्हणून मोजे काढून ही चाचणी करण्यात अर्थ नाही. ज्या यंत्राच्या आत काहीच सापडत नाही ते बाहेरून पुसून, कोरडं करून बाजूला ठेवावं. विनाकारण उघडलेलं यंत्र हेही नुकसानच.

कार्डं काढताना प्रत्येक कनेक्टरचा, जंपरचा, डीआयपी स्विचचा (कार्डावरच्या सेटिंगच्या छोट्या खटक्यांचा) फोटो काढायचा. खोली ४० टक्क्यांवर आणली की स्थिर वीज वाढते, त्यामुळे मनगटाला १ मेगाओमचा अर्थिंग पट्टा लागतोच. जुन्या कार्डांवर काचेची खिडकी असलेली ईप्रॉम नावाची मेमरी चिप असते, तिच्यावरचं स्टिकर निघू द्यायचं नाही. त्याखाली यंत्राचा प्रोग्राम आहे आणि तो प्रकाशानं पुसला जातो. डिस्प्ले, उघडे रिले, ट्रान्सफॉर्मर, पोटेन्शिओमीटर, पंखे आणि प्रकाशाचे सेन्सर पाण्यात जाता कामा नयेत. निघण्याजोगे असतील तर काढायचे, नाहीतर ते कार्ड बुडवायचं नाही, ब्रशनं भाग भाग करून धुवायचं.

पाणी आधी नको, कारण एबीसी पावडरच्या कणांवर सिलिकोनचा लेप असतो. ओलावा धरून पावडरचे गोळे होऊ नयेत म्हणून तो दिलेला असतो, आणि त्यामुळे नुसत्या पाण्यावर पावडर तरंगत राहते. पहिला हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, ९९ टक्क्यांच्या वरचा. मेडिकलच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालत नाही, उरलेलं ३० टक्के पाणीच आहे. मग ४० अंशांपर्यंत कोमट केलेलं डीआय पाणी, त्यात न्यूट्रल डिटर्जंटचे थोडे थेंब, आणि मऊ ब्रश आयसीच्या (चिपच्या) पायांच्या दिशेनं, आडवा नाही. मग नुसतं डीआय पाणी. किती वेळा, हे अंदाजानं ठरवू नये. कार्ड तिरकं धरून वरून पाणी सोडायचं, खालून निघणारं स्वच्छ बीकरमध्ये घ्यायचं आणि कंडक्टिव्हिटी मीटरची (पाणी किती वीज वाहतं ते मोजणाऱ्या मीटरची) प्रोब बुडवायची. वरून सोडलेलं पाणी १-२ मायक्रोसिमेन्स असेल आणि खालून येणारं ६० असेल तर काम बाकी आहे. दोन्ही आकडे जवळ आले की थांबायचं. मोठ्या चौकोनी चिपांच्या पोटाखाली पाणी अडतं. तिथे कार्ड उभं धरून पुन्हा एकदा मापायचं, कारण वरून स्वच्छ झालेलं कार्ड नंतर दगा देतं ते तिथूनच.

शेवटचा हात पुन्हा आयसोप्रोपिलचा, पाणी हटवायला. आणि इथे एक कळकळीची सूचना: त्याच ओल्या अवस्थेत कार्ड ओव्हनमध्ये सरकवू नये. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, १२ अंशांच्या आसपास आहे. एका आगीची दुरुस्ती करताना दुसरी लावायची नसेल तर तास-दोन तास फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) वाळू द्यावं, मगच ४५ ते ५० अंशांवर रात्रभर ठेवावं. हीट गन, हेअर ड्रायर आणि गच्चीवरचं ऊन, तिन्ही टाळावीत.

वाळलेलं कार्ड दहापट भिंगाखाली घ्यायचं. सोल्डरवर पांढरट बुरा म्हणजे कथील-शिशाचं क्लोराईड, ते ब्रशनं निघतं. ट्रॅकच्या कडेला हिरवट-निळसर म्हणजे तांबं कळकलंय. सगळ्यात घातक जागा म्हणजे व्हाया, कार्डाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्यांच्या आतला तांब्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि तिथे शिरलेला हिरवेपणा बाहेरून ठिपक्याएवढाच दिसतो. अशा प्रत्येक ठिपक्यावर मल्टिमीटर लावून सातत्य बघायचं, तुटलेलं असेल तिथे ३० गेजच्या बारीक तारेनं जंपर टाकायचा. सोन्याच्या मुलाम्याच्या कनेक्टरवर खोडरबर घासण्याची पद्धत फार प्रचलित आहे. मला ती मान्य नाही. मुलामा खरवडला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच कनेक्टर तक्रार करतो. आयसोप्रोपिल आणि धागे न सुटणारं कापड पुरतं.

वीज देताना घाई नको. आधी फेज आणि न्यूट्रल एकत्र करून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर). एक मेगाओम ही किमान मर्यादा, सुस्थितीतलं कोरडं यंत्र त्याच्या कितीतरी पट दाखवतं. सर्ज सप्रेसर अर्थला जोडलेला असेल तर तो आधी सोडवायचा. मेगर कार्डांच्या बाजूला कधीही लावायचा नाही. मग पॉवर सप्लायची आउटपुट केबल कार्डावरून काढून, सप्लायला पुरेसा लोड रेझिस्टर लावून, सिरीज बल्बमधून (शॉर्ट असेल तर करंट रोखणाऱ्या बल्बमधून) वीज द्यायची आणि ५, १२, १५, २४ व्होल्ट जे असतील ते मोजायचे. डिमरस्टॅटनं (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) हळूहळू व्होल्टेज चढवण्याची जुनी सवय ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला चांगली. स्विच मोड सप्लायला ती जाचते, कारण कमी व्होल्टेजवर तेवढीच शक्ती पुरवायला तो जास्त करंट ओढतो. सगळे व्होल्टेज जागेवर असतील तरच एकेक कार्ड जोडत जायचं.

इथवर यंत्राचा दिवा लागलेला असतो, डिस्प्लेवर आकडे आलेले असतात, आणि लॅबमध्ये आनंद असतो. दुरुस्तीचं अवघड काम इथून पुढे आहे. चालू झालेलं यंत्र खरे आकडे देतंय की नाही, हे दिव्यावरून कळत नाही.

ॲनालिटिकल काटा घ्या. २०० ग्रॅमपर्यंत तोलणारा, ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा. त्याच्या आत कायम चुंबकाच्या अरुंद फटीत एक कॉइल टांगलेली असते. पारड्यावर वजन पडलं की तरफ हलते, एक प्रकाश-सेन्सर ते टिपतो आणि तरफ पुन्हा मूळ जागी येईपर्यंत कॉइलमधला करंट वाढवला जातो. तो करंट म्हणजे वजन. तरफ ज्या पात्यांवर वाकते ती कागदासारखी पातळ असतात. एकदा मुडपली की सरळ करता येत नाहीत, आणि नवा वेइंग सेल (वजन मोजणारा हा सगळा गाभा) नव्या काट्याच्या किमतीच्या आसपास जातो. म्हणून पावडर पडलेला काटा उलटा करून झटकायचा नाही, पारड्याच्या दांड्याला बाजूनं धक्का द्यायचा नाही, आणि दांडा जिथून आत जातो त्या भोकाकडे हवा मारायची नाही. पारडं आणि कडं सरळ वर उचलायचं, भोकावर कागदी टेप लावायची, मग भोवतालची पावडर व्हॅक्यूमनं उचलायची.

चुंबकाच्या फटीत गंजाचा किंवा लोखंडाचा कण गेला तर काटा विशिष्ट पद्धतीनं वागतो: वजन काढल्यावर शून्यावर येत नाही, आणि तेच वजन हळू ठेवलं आणि जरा पटकन ठेवलं तर वेगळं दिसतं. चुंबकाजवळ लोखंडी चिमटा न्यायचा नाही. मूव्हिंग कॉइल मीटरच्या दुरुस्तीतली जुनी युक्ती इथेही चालते, चिकटपट्टीची अरुंद, ताठ केलेली पट्टी फटीतून एकदा सरकवून कण तिच्यावर धरून आणायचा. हे ज्याच्या हाताला सवय आहे त्यानंच करावं.

आता खरी फसगत. बऱ्याच काट्यांत आत एक कॅलिब्रेशनचं वजन असतं, मोटर ते उचलून ठेवते आणि काटा स्वतःला लावून घेतो. अपघातात पावडर याच वजनावर बसलेली असेल तर? समजा २०० ग्रॅमच्या वजनावर १ मिलिग्रॅम पावडर आहे. काटा ते ओझं २०० ग्रॅम धरून स्वतःला जुळवतो, ‘कॅलिब्रेशन पूर्ण’ असं दाखवतो, आणि मग पारड्यावर ठेवलेलं खरं १०० ग्रॅम ९९.९९९५ दिसतं. अर्धा मिलिग्रॅम कमी, प्रत्येक वेळी, कुठल्याही सूचनेशिवाय. म्हणून अपघातानंतर आतल्या कॅलिब्रेशनवर विसंबायचं नाही. बाहेरचं प्रमाणित ई२ या अचूकतेच्या वर्गाचं वजन हवं, २०० ग्रॅमला त्याची चुकीची मुभा ०.३ मिलिग्रॅम असते; एफ१ वर्गाला तीच १ मिलिग्रॅम, जी इथे अपुरी पडते. आणि तो वजनांचा डबा अपघाताच्या वेळी त्याच खोलीत उघडा होता का, हेही विचारून घ्यावं.

पुनरावृत्ती (तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवल्यावर आकडा किती सारखा येतो ते) हा काट्याच्या तब्येतीचा सगळ्यात प्रामाणिक आकडा. रात्रभर चालू ठेवून, समपातळीचा बुडबुडा मध्यावर आणून, एकच वजन दहा वेळा ठेवायचं-काढायचं आणि प्रमाण विचलन काढायचं. अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) नियमानं किमान वजन, म्हणजे काट्यावर भरवशानं तोलता येणारं सगळ्यात कमी वजन, म्हणजे या विचलनाच्या २००० पट, आणि विचलन काट्याच्या शेवटच्या अंकाच्या ०.४१ पटीपेक्षा (०.४१ अंकापेक्षा) कमी आलं तरी ०.४१ अंकच धरायचा. ०.१ मिलिग्रॅमच्या सुदृढ काट्यावर ते ८२ मिलिग्रॅम येतं. दुरुस्तीनंतर विचलन ०.१ मिलिग्रॅम आलं तर किमान वजन २०० मिलिग्रॅम होतं. काटा चालतो, सुंदर चालतो, पण ज्या पद्धतीत १०० मिलिग्रॅम स्टँडर्ड तोलायचं असतं तिच्यासाठी तो आता लायक नाही. हे लिहून काट्यावर चिकटवायला हवं, नाहीतर दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ग्रेटिंग, प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या करणारा रेषांचा आरसा. मिलिमीटरला साधारण १२०० रेषा, त्यांवर मायक्रोनपेक्षा पातळ ॲल्युमिनियम. त्याला टिश्यू, कापूस, अल्कोहोल, काहीच लावायचं नाही. कोरड्या नायट्रोजनची हलकी फुंकर, बस. आरशांवर संरक्षक लेप असेल तर लेन्स टिश्यू आयसोप्रोपिलनं भिजवून आरशावरून एकदाच ओढायचा, चोळायचा नाही, आणि तो टिश्यू दुसऱ्यांदा वापरायचा नाही. अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्युटेरियम दिव्याच्या क्वार्ट्झला उघडं बोट लागलं तर घामातलं मीठ तापून काच कायमची धुरकट करतं. तरंगलांबीची जुळवणी तपासायला ड्युटेरियमच्याच ४८६.० आणि ६५६.१ नॅनोमीटरच्या रेषा आहेत, अतिनील भागासाठी परक्लोरिक आम्लातलं होल्मियम आहे. पण धुरानं आलेलं दुखणं तरंगलांबीत क्वचितच दिसतं. ते दिसतं भरकटलेल्या प्रकाशात, म्हणजे नको त्या तरंगलांबीच्या, सेन्सरवर पोचणाऱ्या प्रकाशात. लिटरला १२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण १९८ नॅनोमीटरला २ पेक्षा जास्त शोषण दाखवतं का ते बघायचं. भरकटलेला प्रकाश १ टक्का झाला तर खरं १.००० शोषण ०.९६३ दिसतं, आणि २ च्या वरचं काहीही दिसतच नाही. कॅलिब्रेशनची रेषा वरच्या टोकाला वाकायला लागली की कारण बहुधा हेच.

बाकीची यंत्रं सोपी आहेत. एचपीएलसीला (द्रावणातले घटक पंपाच्या दाबानं कॉलममधून वेगळे करणाऱ्या यंत्राला) धुरापेक्षा अचानक गेलेल्या विजेचा त्रास जास्त. पंपात फॉस्फेट बफर तसाच राहिला तर मीठ बसतं आणि चेक व्हॉल्व्हमधला माणकाचा गोळा बैठकीला चिकटतो. कॉलम काढून, आधी पाणी, मिनिटाला ०.२ मिली इतक्या सावकाश, मग मिथेनॉल; एकदम ॲसिटोनायट्राइल सोडलं तर उरलेलं मीठही खाली बसतं. व्हॉल्व्ह तरीही अडला तर आयसोप्रोपिलमध्ये सोनिकेट करावा (ध्वनिलहरींनी हलवून धुवावा). जीसी-एमएस (वायुरूपात घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) दिसायला सगळ्यात नाजूक, पण तिचा गाभा निर्वातात बंद असतो, धूर तिथे पोचत नाही. ती उघडण्याची उत्सुकता आवरावी आणि बाहेरची कार्डं तेवढी बघावीत. मायक्रोस्कोपच्या भिंगांवरची पावडर खरखरीत असते, आधी रबरी ब्लोअर, मग ब्रश, आणि मगच ७ भाग इथर-३ भाग अल्कोहोल. कोरड्या पडलेल्या पीएच इलेक्ट्रोडला ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये एक रात्र द्यावी. स्लोप (पीएच बदलला की इलेक्ट्रोड किती प्रतिसाद देतो ते) ९५ टक्क्यांवर आला नाही तर नवा घ्यावा.

सुटे भाग आणायला अजून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. रेझिस्टर, कनेक्टर, तारा तिथे निर्धास्त घ्याव्यात. कपॅसिटर १०५ अंशांचाच मागावा. आयसी मात्र पारखून घ्यावी: पायांवर जुन्या सोल्डरच्या खुणा आणि वरचा छाप जरा जास्तच नवा असेल तर ती कुठल्या तरी जुन्या कार्डावरून उतरवलेली असते. काटा दुरुस्तीला न्यायचा असेल तर टेम्पोत टाकू नये. पावसाळ्यात महापे-शिळफाट्याच्या रस्त्यावर काय होतं ते त्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. पारडं काढून, ट्रान्सपोर्ट लॉक लावून, मूळ फोममध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कारच्या सीटवर.

परत वापरात घेताना कागदाची बाजू राहून जाते. चाचणी-प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत ६.४.९ हे कलम याबद्दलच आहे: हाताळणीत इजा झालेलं यंत्र वेगळं काढावं, ते बरोबर चालतं हे सिद्ध होईपर्यंत वापरू नये, आणि आधीच्या निकालांवर परिणाम झाला का तेही बघावं. अपघातानंतर काही तास कुणी त्याच काट्यावर तोललं असेल तर ते निकाल शोधून काढावे लागतात.

धुतलेलं कार्ड महिन्याभरानं पुन्हा उघडायचं, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये आणखी एकदा. आधी कनेक्टरच्या पिना बघायच्या, मग क्रिस्टलचे पत्र्याचे डबे, मग व्हाया. हिरवट काही नसेल तर पुढची तपासणी नेहमीच्या कॅलिब्रेशनबरोबर. असेल तर तेवढं कार्ड पुन्हा धुवायचं, कंडक्टिव्हिटी पुन्हा मापायची, आणि मधल्या काळातले त्या यंत्रावरचे कंट्रोल चार्ट (नियमित तपासणीच्या आकड्यांचे आलेख) काढून कुठून घसरण सुरू झाली ते शोधायचं.